नेढं नसलेली सुई

गावभागात माझं दुकान, दहा बाय आठ.
सव्वीस वर्षं ब्लाउज शिवतेय.
सुई काय असते ते मला कुणी सांगू नये.
बोटात गेलीय, दातात धरलीय,
एक तर टाचेत मोडून राहिलेली,
ती मिरजेला जाऊन काढली.

त्या ऑगस्टात पाणी शटरच्या वर चढलं.
आत बेचाळीस ब्लाउज, गिऱ्हाइकांचे,
त्यातला एक डोहाळजेवणाचा, हिरवा, नुसती हुकं राहिलेली.
पाणी उतरलं तेव्हा तो समोरच्या तारेवर होता,
दोन्ही बाह्या पसरून,
कुणी मिठीला बोलवावं तसा.

तेव्हापासून आषाढ लागला
की छातीत आयर्विन पुलाची पट्टी उभी राहते.
एकतीस फूट.
एकतीस फूट चार इंच.
रात्री दोनला उठायचं, मोबाइल बघायचा,
कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीनं किती अडवलं.
परवा एकीचं माप घेताना
टेप तिच्या छातीवर, आणि तोंडातून गेलं,
"चौतीस. इशाऱ्याला अजून सहा कमी."
तिनं कापड उचललं, दुसरीकडं टाकलं.

नणंद म्हणाली, विश्रामबागेत मुजावर डॉक्टरीण आहे,
सुया टोचते, जीव हलका होतो.
मी हसले. मला? सुया?

"झोप लागते?" डॉक्टरांनी विचारलं.
"पाणी बघते," मी म्हणाले.
त्यांनी तसंच्या तसं लिहून घेतलं.

मग मनगटाच्या आत एकेक,
भुवयांच्या मधे एक,
पावलांवर दोन, कानांत केसासारख्या बारक्या,
शेवटची टाळूवर.
मुंगी चावावी एवढंच.
मला राहवेना. "हिला नेढं कुठाय?"
"नसतं."
"मग दोरा?"
"दोरा नाही, विजयमालाताई. टोचायची आणि सोडून द्यायची."
सोडून द्यायची म्हणे.
माझ्या उभ्या हयातीत टाका मारल्याशिवाय
सुई कधी बाहेर आली नाही.

वीस मिनिटं हलायचं नाही.
पर्स खिळ्याला, पर्समध्ये मोबाइल,
तो थरथरला. गल्लीचा ग्रुप असणार.
परत थरथरला.
हात उचलता येत नव्हता, म्हणून हाताकडेच पाहिलं.
मनगटातली सुई हलत होती,
पंखा बंद, खिडकी बंद,
तरी तिचं शेपूट बारीक बारीक नाचत होतं.
कळायला वेळ लागला
की ती माझी नाडी.
एवढं पळतंय आत?
कुणामागं?
मी मोजायला लागले. फूट नाही, इंच नाही, नुसतंच.
मग कुणाचं तरी घोरणं ऐकू आलं,
कोण घोरतंय बघावं म्हणून डोळे उघडले,
तर खोलीत मी एकटीच.

परत येताना वडापात एक पोरगं
सारखं माझ्या डोक्याकडं बघत होतं.
टिळक चौकात उतरताना म्हणालं,
"मावशी, तुमाला अँटिना हाय."

नऊला डॉक्टरांचा फोन.
"माझी एक सुई कमी भरतेय हो."
मी टाळू चाचपली. "आहे. हितंच आहे."
पलीकडं जरा वेळ काहीच नाही,
मग दोघी एकदमच हसलो,
मी तर पोट धरून, कटिंगच्या टेबलावर रेलून.
"अलगद काढा आणि नीट गुंडाळून टाकून द्या.
एकदा वापरली की परत वापरत नाहीत."
वाकडी सुई दगडावर ठोकून सरळ करणारी बाई मी.
हो म्हणाले.
आणि गादीत खोचली,
नेढंवाल्या सतरा जणींच्या मधोमध, एकटी उघडी.

रात्री दोनला जाग आली. आलीच.
पाणी छत्तीसवर असेल, नाहीतर सदतीस.
हात मोबाइलकडं निघाला,
पण वाटेत आधी टाळूवर गेला,
आणि थोडा वेळ
तिथंच राहिला.